पंचांनी भिंतीकडे तोंड केले

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवराबायको अंगणात बाजेची दोरी कसत होतो. बाज कसायला दोन माणसं लागतात. एकानं ओढायची, दुसऱ्यानं दाबून धरायची. मी ओढत होतो, ती धरत होती. ओढता ओढता दोरी तिच्या मनगटावर बसली आणि एक हिरवी बांगडी गेली.

"वाढवली माही बांगडी," ती म्हणाली. "पोलिसाचा हात तो. अजून कैदीच ओढून राह्यले तुमी."

"राहू दे मंग. अर्धी उद्या कसू."

"उद्या सकाळी मी तिच्याकडं बांगड्या भराले जातो. आल्यावर कसू."

पहाटे ती झोपेतच गेली. डॉक्टरनं हार्ट सांगितलं. अर्धी कसलेली बाज अजून भिंतीला उभी आहे. मी तिला हात लावला नाही.

'तिच्याकडं' म्हणजे कोणाकडं, हे सांगायचं तर एक केस सांगावी लागते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, जंगलात जे पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही. पण आता एकटा बसलो की तीच केस डोळ्यापुढं येते, जिच्यात कोणी कोणाला बोटही लावलं नव्हतं. मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून घरी आलो. मला पंचनामा लिहिता येतो, तसंच हे लिहितो. नाव कोणाचंच लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझी नेमणूक कुरखेडा भागात होती. तिथं जंगलातला माल, म्हणजे हिरडा, मोहफूल, डिंक विकत घेणारी एक संस्था होती. हेड ऑफिस चंद्रपूरला, आमच्याकडं डेपो. माल बाहेर न्यायचा तर डेपोचा पास लागायचा. आधी पास हातानं लिहीत. मग कंप्युटर आले आणि पास छापून निघायला लागला. खाली बारीक अक्षरात छापलेलं असायचं, हा पास कोणी बनवला त्याचं नाव.

खबर दिली ती नाक्याजवळच्या चहावाल्यानं. तो मला जमादारच म्हणायचा.

"जमादार, हिरडा एवढा जड नसते जी."

"म्हणजे?"

"वरून पोती हिरड्याची. पण ट्रक चढावर रडत होता. हिरडा नेणारा ट्रक कधी रडत नाई."

वनखात्याच्या लोकांना घेऊन पुढच्या नाक्यावर ट्रक थांबवला. पोती काढली, खाली सागवान. ड्रायव्हरनं पास दाखवला, शिक्क्यासहित. डेपोत विचारलं तर असा हिरडा कोणाला दिलाच नव्हता. म्हणजे कागद खरा, माल खोटा. बनावट पासाचा गुन्हा दाखल झाला आणि तपास माझ्याकडं आला. ड्रायव्हर म्हणाला, पास मालकानं दिला. मालक पसार. हातात उरलं ते खाली छापलेलं नाव, आणि ते डेपोतल्या ऑपरेटर पोरीचं होतं.

पोरगी बाजारातल्या बांगडीवाल्याची. मुसलमान घर, साधी माणसं. बारावी झाली, गडचिरोलीला कंप्युटरचा कोर्स केला आणि डेपोत लागली. वडशाकडं तिची सोयरीक झाली होती, निकाह जवळ आला होता.

डेपोचा मॅनेजर गोड माणूस. पोळ्याला ठाण्यात नारळ घेऊन यायचा. मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"माह्या तोंडून नका वदवू साहेब. पोरीसारखी आहे. तुमी कंप्युटरलेच विचारा."

कंप्युटरला काय विचारणार? मी हेड ऑफिसला फोन केला. ज्यानं हे सगळं बसवलं तो इंजिनीअर चंद्रपूरहून आला. नागपूरकडचा तरुण माणूस, समजावून सांगायची हौस असलेला.

तो म्हणाला, "काका, आधी प्रत्येक मशीनचं आपलं वेगळं होतं. या मशीनला जो माहीत, तो त्या मशीनला माहीत नाही. आता सगळ्या माणसांची ओळख एकाच जागी ठेवली, चंद्रपूरच्या सर्व्हरवर. प्रत्येकाला एक नाव आणि एक पासवर्ड, म्हणजे गुपित शब्द. इथलं मशीन स्वतः कोणालाच ओळखत नाही. ते फोनच्या लाईनवरून चंद्रपूरला विचारतं, हा माणूस आपलाच का? तिकडून हो आलं की उघडतं."

"म्हणजे गेटवरचा संतरी," मी म्हणालो.

"हो, तसंच."

"मंग हिच्या नावानं दुसरा कोणी घुसू शकत नाई?"

"पासवर्ड माहीत असल्याशिवाय नाही."

म्हणजे प्रश्न एकच राहिला. पोरीचा पासवर्ड कोणाला माहीत होता?

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी करायची असा नियम. मी दुपारी गेलो. पुढच्या खोलीत बांगड्यांच्या पेट्या, बाप एका पेटीवर बसलेला. निकाहाचं बोलायला वडशाहून तिचा होणारा चुलत सासराही आलेला होता. त्याला बाहेर काढणं बरं दिसलं नसतं आणि ठेवणंही बरं नव्हतं. तो बसून राहिला.

"हा पास तू बनवला?"

"नाई जी. मी बनवलाच नाई."

"तुझा पासवर्ड कोणाले सांगितला होता?"

पोरगी गप्प.

"काय ठेवला होता पासवर्ड?"

तिनं बापाकडं पाहिलं, मग त्या पाहुण्याकडं पाहिलं आणि ओढणी तोंडाला लावली.

बाप म्हणाला, "बता दे बेटा. साहब अपने ही हैं."

ती एक शब्द बोलली नाही. मी तीन वेळा विचारलं. चौकशीत माणूस रडतं, खोटं बोलतं, शपथा खातं, हे सगळं चालतं. पण खोटं न बोलता गप्प बसलेलं माणूस पोलिसाला लई खटकतं. मला वाटलं, हिनंच केलं. ठाण्यात येऊन ठाणेदार साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, गडचिरोलीहून महिला शिपाई मागवू, परवा सकाळच्या बसनं येईल, अटक दाखवू. अटक झाली की निकाह मोडला, हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

मी जेवायला क्वार्टरवर गेलो. ताटावर बसून बायकोला सगळं सांगितलं. माझी तशी सवय होती. तीही सगळं ऐकून घ्यायची आणि मधेच भलतंच विचारायची.

"कोणती गोष्ट विचारल्यावर तिनं तोंड बंद केलं?"

"पासवर्ड."

"काय असते ते?"

"गुपित शब्द. कुलपाची किल्ली समज."

तिनं भात वाढला. "मंग ते कोणाचं तरी नाव असन."

"कशावरून?"

"मले कोणी तुमचं नाव विचारलं तं मी काय करतो?"

हे खरं होतं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं कधी तोंडानं माझं नाव घेतलं नाही. रेशनच्या ऑफिसात बाबूनं विचारलं तेव्हा बाजूला उभ्या बाईला म्हणाली, तू सांग वं. मीही काही वेगळा नव्हतो. 'अवं' म्हणून हाक मारायचो. आमच्यात घरच्या बाईचं नाव चारचौघात घेत नसत, आणि एकांतात घ्यायची सवय लागली नाही.

"पण तिचं लग्न ठरलं आहे," मी म्हणालो. "नवरदेवाचं नाव असतं तर लाजली असती. ही भ्याली होती."

तिनं भांडी आवरली आणि पायात चपला घातल्या.

"कुठी?"

"बांगड्या भराले."

"तपासात बायको चालत नाई. मले साहेब विचारतीन."

"मी तपासाले नाई जाऊन राह्यलो जी. माह्या हातातल्या जुन्या झाल्या."

उन्हं उतरता उतरता परत आली. दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले.

"एवढ्या?"

"बोलणं लांबलं. जेवढं बोलणं, तेवढ्या बांगड्या."

बांगड्या भरताना हात हातात असतो. बाप घरी नव्हता, पाहुणा झोपला होता. पोरगी हात दाबत होती आणि माझ्या बायकोनं विचारलं. मग पोरगी बोलली.

डेपोत मशीन बसवलं त्या दिवशी सगळ्यांना एकेक करून मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं. पहिलं मशीन तिथंच होतं. इंजिनीअर म्हणाला, आपला आपला शब्द ठेवा, कोणाला सांगू नका. तो जेवायला गेला आणि मॅनेजरनं फर्मान काढलं की सगळ्यांचे पासवर्ड माझ्याकडं द्या, कोणी आजारी पडलं तर काम अडायला नको. आपल्याकडं ऑफिसात असंच चालते. साहेबाजवळ किल्ली नसली तर साहेब कशाचा? सगळ्यांनी सांगून टाकलं. ही पोरगी सांगेना. मॅनेजर म्हणाला, बोलू नको, टाकून दाखव. तो मागं उभा राहिला आणि हिनं एका बोटानं टाकलं. त्यानं एकेक बटण पाहून वाचलं.

ते एका पोराचं नाव होतं. आधी एका घरी हिचं बोलणं झालं होतं, ते मोडलं. मोडायच्या आधी हिनं ते नाव ठेवलं होतं. गावात त्या सोयरिकीची कोणाला खबर नव्हती. मॅनेजर त्या घराला ओळखत होता. तो हसला, म्हणाला, "अच्छा, असं आहे का."

"मंग ते नाव अजून तसंच ठेवलं?" मी विचारलं.

"नाई. वडशाची सोयरीक झाली त्या दिवशी काढून टाकलं. दुसऱ्याच्या घरी जायचं, मंग ते नाव बोटावर तरी काऊन ठेवू, असं म्हणे. नवीन काय ठेवलं ते कोणालेच माहीत नाई, त्या मॅनेजरलेबी नाई."

"नाव काय होतं?"

"ते तुमाले काय करायचं?"

"तपासाले लागन."

"नाई लागत. लागलं तं तुमचा तपास कच्चा."

मी आवाज चढवला. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि चूल पेटवायला गेली.

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. ट्रकचा पास तर या महिन्यातला. मॅनेजरला माहीत होता तो शब्द पोरीनं कधीच काढून टाकला होता. जुन्या किल्लीनं नवं कुलूप उघडलं कसं? सकाळी इंजिनीअरला गाठलं. तो विश्रामगृहाच्या ओट्यावर दात घासत होता.

"जुना शब्द चालन का?"

"नाही काका. चंद्रपूर नाही म्हणणार."

मी ओट्यावर टेकलो. आमची आऊटपोस्ट जंगलात असायची. रात्री गेटवर कोणी आलं की संतरी वायरलेसवर विचारायचा. आणि डोंगराआड सेट मुका झाला की? मग संतरी मागच्या वेळी जसं कळलं होतं, तसंच धरून चालायचा. बिचारा दुसरं काय करणार?

"वायरलेस बंद पडला तं?" मी विचारलं.

"कोणता वायरलेस?"

"तुमची फोनची लाईन. ती नसली तं संतरी कोणाले विचारते?"

तो चूळ भरायचा थांबला. मग म्हणाला, "लाईन नसली की मशीन शेवटचं आठवतं. शेवटी हा माणूस ज्या शब्दानं आत आला होता, तो शब्द. आम्हीच तसं ठेवलं आहे. तुमच्याकडची लाईन रोज जाते, नाहीतर कामच झालं नसतं." आणि पुढचं त्यानंच जोडलं. "नवा शब्द ज्या मशीनवर तिनं कधी टाकलाच नाही, ते मशीन जुनाच धरून बसलं असेल. काका, केबिनमधलं मशीन. तिच्या टेबलावरचं नंतर आलं. त्यानंतर ती केबिनमध्ये बसलीच नाही."

तोंड न धुताच निघाला तो माझ्यासोबत.

ठाणेदार साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, करून दाखवा, पंचांसमक्ष. पंच म्हणून बाजारातला एक शिंपी घेतला आणि डिंक विकायला आलेला एक गोंड म्हातारा. पोरीला तिच्या बापासोबत बोलावलं. माझी बायको आपली आपण आली, आणि मी तिला जा म्हटलं नाही. मॅनेजरही हजर होता. पांढरे कपडे, कपाळाला गंध.

इंजिनीअरनं भिंतीतून फोनची वायर काढली. मी पोरीला म्हटलं, "तुझा जुना शब्द तू स्वतः टाक. आधी तुझ्या टेबलावर."

पोरगी खुर्चीत बसली आणि हात मांडीत घेऊन राहिली. बाप बाजूलाच उभा होता.

तेव्हा माझी बायको म्हणाली, "सगळे भिंतीकडं तोंड करा."

मी पंचांना तसंच सांगितलं. गोंड म्हातारा हसायला लागला.

"पंच म्हणून बोलावतेत आणि पाहू नोको म्हणतेत. मंग मी साक्ष कशाची देऊ जी?"

"उघडलं का नाई, एवढीच द्या, दादा. काय टाकलं त्याची नाई."

"हे बरं आहे," तो म्हणाला आणि सगळ्यात आधी तोच वळला. शिंपी वळला, बाप वळला, इंजिनीअर वळला. मॅनेजर म्हणाला, हे काय नाटक आहे, आणि वळला. मीही वळलो. नोकरीत मी कितीतरी माणसं भिंतीकडं तोंड करून उभी केली होती. त्या दिवशी स्वतः उभा राहिलो. भिंतीवर मोहफुलांचे डाग होते. मागं एकेक बटणाचा आवाज येत होता, हळू.

"नाई उघडलं," पोरगी म्हणाली. आम्ही वळून पाहिलं. खरंच नव्हतं उघडलं.

मग केबिनमध्ये गेलो. किल्ली मॅनेजरच्या कमरेला, ती त्यानंच लावली. त्या मशीनला त्यानं गाणी ऐकायला दोन स्पीकर जोडले होते. पोरगी बसली, आम्ही पुन्हा भिंतीकडं. पुन्हा तोच बटणांचा आवाज, तेवढाच. मग क्षणभर काही नाही. आणि स्पीकरमधून ते सूर वाजले, मशीन उघडल्यावर वाजतात ते.

कोणी वळलं नाही. सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करूनच ऐकलं. म्हातारा म्हणाला, "उघडलं वाटते." बापाचे खांदे हलत होते.

पंचनाम्यात मी लिहिलं: सदर महिलेने आपला जुना पासवर्ड स्वतः टाकला, तो पंचांनी पाहिला नाही व आम्हीही पाहिला नाही, टेबलावरील मशीन उघडले नाही, केबिनमधील मशीन उघडले. ठाणेदार साहेबांनी वाचलं, पेन हातात घेतलं आणि एकही शब्द न बदलता सही केली.

मॅनेजरला ठाण्यात बसवला. मी मारणारा अधिकारी नव्हतो. चहा द्यायचा आणि समोर बसून आपलं काम करत राहायचं. शांत बसणं गोड बोलणाऱ्याला सोसत नाही. चहा थंड व्हायच्या आत तो बोलायला लागला. एकदा लाईन गेली असताना सहज टाकून पाहिलं, तर उघडलं. मग गरज पडली की स्वतःच वायर काढायला लागला. सागवानवाला कोण, तेही सांगितलं.

मी एकच विचारलं. "सगळ्यांचे शब्द तुमच्याजवळ होते. हिचंच नाव काऊन घेतलं?"

"बाकीचे बोंबलले असते साहेब. ती बोलनार नाई, हे मले माहीत होतं."

एवढ्या वर्षांत चोर लई पाहिले. चोर कुलूप पाहून शिरते असं लोकांना वाटते. नाई. कोणाचं तोंड बंद आहे ते पाहून शिरते. ही गोष्ट मला त्या केसनं शिकवली, आणि नंतर जिथं जिथं कोणी गप्प बसलं, तिथं तिथं मी आधी हे पाहिलं की खोलीत आणखी कोण बसून आहे. कोर्टात मॅनेजरच्या वकिलानं पोरीला विचारलंच, तो शब्द काय होता. मॅजिस्ट्रेट बाई होत्या. त्या म्हणाल्या, गरज नाही, पुढं चला.

निकाह झाला. पुढं तिच्या नवऱ्यानं गडचिरोलीला बांगड्यांचं दुकान टाकलं. निवृत्तीनंतर आम्हीही तिथंच घर केलं. माझी बायको बांगड्या भरायला तिच्याकडंच जायची. दुपारी गेली की संध्याकाळी यायची. काय बोलत, ते मी विचारलं नाही.

माझी बायको गेली त्या सकाळी ती बांगडीवाली कोणी निरोप न धाडताच आली. सवाष्ण बाई, हिरव्या बांगड्या भरून न्यायची. हात ताठ झाला होता, घरच्या बायांना जमेना. ती खाली बसली, हिचा हात मांडीवर घेतला, तेल लावलं आणि अंगठ्याचा सांधा दाबत दाबत, दुकानात गिऱ्हाइकाला म्हणतात तसं म्हणाली, "बाई, जरा ढिला सोडा हात."

सगळ्या बांगड्या गेल्या. एकही फुटली नाही.

दिवस झाल्यावर ती एकदा भेटायला आली. पोरांसाठी म्हणून काहीतरी घेऊन आली, पोरं नागपूरला आहेत हे विसरून. बराच वेळ बसली. मग म्हणाली, "भाऊ, एक विचारू? ते नाव बाईनं तुमाले तरी सांगितलं होतं ना?"

"नाई."

"कधीच नाई?"

"मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तं त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं."

ती हसली आणि मग ओढणी डोळ्याला लावून बसली. "मले वाटे, नवऱ्याले तं सांगतच असन बाई."

पेन्शनचं एक काम मी टाळत होतो. माझ्या कागदावरून हिचं नाव काढायचं होतं. त्यासाठी कंप्युटरवर नवीन खातं उघडावं लागते, असं बँकेत सांगितलं होतं. ती भेटून गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, आंघोळ केली आणि चौकातल्या सेवा केंद्रावर गेलो. तिथं एक पोरगी मशीनवर बसते.

"आजोबा, पासवर्ड काय ठेवू? जन्मतारीख टाकतो. सगळे तेच ठेवतेत."

"नाई. मी सांगतो ते ठेव. म्हणजे सांगत नाई. मीच टाकतो."

"तुमाले जमन काय जी? सांगा ना, मी टाकून देतो."

"बाई," मी म्हणालो, "तू जरा भिंतीकडं तोंड कर."

ती हसली, पण खुर्ची फिरवून बसली. मी चष्मा लावला. उभ्या जन्मात एकदाही तोंडानं घेतलं नव्हतं ते नाव एकेक अक्षर शोधून, एका बोटानं टाकलं. पडद्यावर नुसते ठिपके उमटत गेले.